पुण्यातल्या फ्लॅटमधून जहाजं ऐकायची, तर अँटेना कुठला?

तुमचं विचारणं थोडक्यात असं: कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सोसायटी गच्चीवर काही लावू देत नाही, हाताशी आरटीएल-एसडीआर व्ही-३ डोंगल (लॅपटॉपला लावला की त्याचा रेडिओ रिसीव्हर करणारा) आणि लॅपटॉप. धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनियर. जहाजांचं बोलणं, जमलंच तर चॅनल १६ (जहाजांचा हाक मारायचा आणि संकटाचा चॅनल), घरात बसून ऐकायचंय. दुकानदार म्हणतो, ६ डीबी गेनचा (म्हणजे सिग्नल जास्त ओढणारा) 'मरीन अँटेना' खिडकीत उभा करा, काम होईल. घ्यावा का?

नका घेऊ. अँटेना वाईट नसेलही. बोटीच्या डोलकाठीवर तो उत्तम चालेल. पण तुमच्या घरातून तो जे ऐकायला जाईल ते कोथरूडपर्यंत पोचतच नाही. म्हणून अँटेनाच्या आधी 'मरीन रेडिओ' म्हणजे नेमका कुठला पट्टा, हे ठरवायला हवं. मी मोर्सच्या उतरत्या काळात जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस ही जहाजांच्या संकटकालीन रेडिओ संपर्काची नवी यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि आमचं पदच जहाजावरून उतरलं. तेव्हापासून पुण्यात आहे आणि ऐकण्याची खोड फ्लॅटमध्येच भागवतो. तेव्हा गच्ची नसण्याची अडचण मला वेगळी समजावून सांगायला नको.

आधी व्हीएचएफचं, म्हणजे जवळच्या बोलण्याच्या पट्ट्याचं, बघू, कारण तुमचं मन चॅनल १६ वर आहे. हा चॅनल १५६.८ मेगाहर्ट्झवर. बंदराजवळची सगळी वर्दळ, पायलटला बोलावणं, दोन जहाजांनी एकमेकांना 'कुठून जाताय' विचारणं, हे सगळं याच पट्ट्यात चालतं. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अंतराचा ढोबळ हिशोब असा: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये. जहाजाचा अँटेना पाण्यापासून २५ मीटरवर धरला आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तर उत्तर येतं ११७-११८ किलोमीटर. कोथरूडहून अलिबागचा किनारा सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे कागदावर तुम्ही पास! दुकानदाराने हिशोब केला असेल तर एवढाच केला असेल.

या हिशोबात सह्याद्री नाही. अलिबागजवळच्या जहाजापासून तुमच्या खिडकीपर्यंत रेषा ओढा, पृथ्वीची गोलाई वजा करा, आणि ताम्हिणीच्या आसपास ती रेषा किती उंचीवर येते ते पाहा. जेमतेम २०० मीटर भरते. घाटमाथा तिथे ६०० च्या वर आहे, शिखरं त्याहून उंच. म्हणजे सिग्नलला कित्येक किलोमीटर कातळातून यावं लागेल. शिवाय कोथरूडच्या पश्चिमेला चांदणी चौक-बावधनच्या टेकड्या आहेतच. डोंगराच्या कडेवरून थोडा सिग्नल वळून खाली उतरतो हे खरं, पण तो इतका क्षीण होतो की काँक्रीटच्या भिंतीआड ठेवलेल्या अँटेनाला ६ डीबी गेन असला काय आणि नसला काय. उन्हाळ्याच्या तोंडाला अरबी समुद्रावर हवेचे असे थर जमतात की व्हीएचएफ शेकडो किलोमीटर जातं. पण ते थर बहुतेक पाण्यालगत असतात, त्यांचा फायदा किनाऱ्यावरच्यांना. घाटावरच्या माणसाने त्यावर भरवसा ठेवू नये.

सिंहगडावरून? गड १,३०० मीटरच्या वर, म्हणून पुष्कळ जण हे सुचवतात. तिथून रेषा घाटमाथ्याच्या शिखरांना घासत जाते. एखाद्या दिशेला वाट मिळते, एखाद्या दिशेला नाही. पण गडावरच दूरदर्शनचा मनोरा आहे, आणि तुमच्या डोंगलसारखा उघडा रिसीव्हर त्याच्या पायथ्याशी नेला की तो बहिरा होतो. मध्ये चांगला फिल्टर लावल्याशिवाय तो खटाटोप करू नका.

त्यापेक्षा डोंगलसोबत आलेला दोन काड्यांचा डायपोल जपून ठेवा. कोकणात, हर्णैला किंवा मुरूडला जाल तेव्हा दोन्ही काड्या ४५-४६ सेंटिमीटर करा, उभ्या धरा (एक वर, एक खाली, जहाजांचे अँटेना उभेच असतात) आणि समुद्राच्या बाजूच्या खिडकीत लावा. तिथे विकतचा काही लागत नाही. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर एआयएसची, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा आपोआप पाठवतात त्याची, टकटकही मिळेल.

आता पुण्यात बसून काय मिळतं ते बघू. जहाजावर व्हीएचएफखेरीज एमएफ-एचएफ सेटही असतो, म्हणजे आपल्या भाषेत मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हचा. या लहरी वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परत खाली येतात, त्यांना सह्याद्री आडवा येत नाही. यात एक गंमत आहे. ८ मेगाहर्ट्झवर तुम्हाला मुंबईबाहेर नांगर टाकून उभं असलेलं जहाज बहुधा ऐकू येणार नाही, पण ओमानच्या आखातातलं किंवा श्रीलंकेखालून चाललेलं येईल. जमिनीलगतची लहर घाटात संपते आणि आकाशातून परतणारी लहर जवळ उतरतच नाही, डोक्यावरून पुढे निघून जाते. जवळचं ऐकायचं तर ४ मेगाहर्ट्झच्या आसपास खाली यावं लागतं. दिवसा १२ आणि १६ मेगाहर्ट्झ लांबचं देतात, संध्याकाळनंतर ८, मग ६ आणि ४. नवख्याने ८ पासून सुरुवात करावी. दिवसाचा फार थोडा वेळ असा असतो की तिथे काहीच नसतं.

अपेक्षा मात्र आत्ताच ताळ्यावर आणू. जहाजांच्या गप्पा आता उपग्रहावरून आणि ईमेलवर होतात. शॉर्टवेव्हवर माणसांचं बोलणं पूर्वीच्या मानाने फारच कमी उरलंय. ४१४६, ६२२४, ८२९४, १२३५३ किलोहर्ट्झ या जहाज-ते-जहाज वारंवारिता आहेत, तिथे यूएसबी मोडमध्ये (म्हणजे अप्पर साइडबँड, लॅपटॉपच्या यूएसबीशी संबंध नाही) कधीमधी कुणी बोलताना सापडतं. ८२९१ संकटकाळासाठी राखीव, ती एरवी शांतच असते आणि असावी. आणि तुमचा भाऊ थर्ड इंजिनियर म्हणजे खाली इंजिन रूममध्ये. रेडिओवर ब्रिजवरचे मेट, म्हणजे जहाज हाकणारे अधिकारी, बोलतात. तेव्हा त्याचा आवाज ऐकू येईल ही आशा सोडा.

त्याच्या जहाजाची खूण मात्र पकडता येईल, आणि मला विचाराल तर खरी मजा त्यातच आहे. डीएससी म्हणजे एका जहाजाने दुसऱ्याला किंवा किनाऱ्याला घातलेली डिजिटल साद. ८४१४.५ किलोहर्ट्झवर ती काही सेकंदांच्या चिवचिवाटासारखी येते. एमएफ-एचएफ डीएससी सेटची आठवड्यातून एकदा किनाऱ्यावरच्या स्टेशनला खरी टेस्ट कॉल करून चाचणी घ्यायची, असा जीएमडीएसएसचा शिरस्ता आहे. त्यामुळे या वारंवारितेवर दिवसभर काही ना काही चालू असतं. त्या सादेत जहाजाचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे त्याची रेडिओवरची ओळख, असते. भारतीय जहाज असेल तर तो ४१९ ने सुरू होतो, किनाऱ्यावरच्या स्टेशनचा दोन शून्यांनी. भावाला त्याच्या जहाजाचा एमएमएसआय विचारा, आणि सेकंड मेटकडून टेस्ट साधारण कुठल्या वारी, कुठल्या पट्ट्यावर करतात ते काढून घ्यायला सांगा. जहाज हिंद महासागरात असेल आणि हवा साथ देत असेल, तर तो क्रमांक तुमच्या लॅपटॉपवर उमटू शकतो. डीएससी उलगडणारं 'याड' नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. रिसीव्हर यूएसबी मोडमध्ये ८४१२.८ वर ठेवायचा, म्हणजे सिग्नल १७०० हर्ट्झच्या सुरावर येतो.

आता अँटेना. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावरून सुटतं. शॉर्टवेव्हवर, घराच्या आत, सिग्नल कमी पडत नाही. खरखर जास्त पडते. ८ मेगाहर्ट्झवर एक मीटरची तारही पुरेसा सिग्नल आणते. पण तीच तार घरातल्या प्रत्येक एलईडी दिव्याची, मोबाइल चार्जरची, राउटरच्या ॲडॅप्टरची, शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरची आणि लिफ्टच्या ड्राइव्हची खरखरही आणते. म्हणून घरातला अँटेना निवडताना 'कोणता जास्त ओढतो' हे विचारू नका. कोणता कमी कचरा आणतो आणि कोणता फिरवून कचरा टाळता येतो, हे बघा.

या कसोटीवर बाजारातले प्रकार लावून बघू. खोलीत भिंतीच्या कडेने सोडलेली लांब तार सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट, कारण ती घराच्या वायरिंगला समांतर धावते आणि त्यातली सगळी घाण उचलते. मिनी-व्हिप नावाचा छोटा ॲक्टिव्ह अँटेना उघड्यावर, खांबाच्या टोकाला अप्रतिम चालतो. मात्र तो विद्युतक्षेत्र पकडतो, आणि घरात ते क्षेत्र वायरिंगचंच असतं. खोलीत त्याचं काही चालत नाही.

उरतो लूप, म्हणजे तारेचं कडं. तो चुंबकीय क्षेत्र पकडतो, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे त्याला दिशा असते: ज्या बाजूला कड्याचं तोंड, तिकडून जवळजवळ बहिरा. खरखरीचं उगमस्थान जवळ, एका जागी असतं, म्हणून लूप फिरवून तोंड तिकडे केलं की खरखर धाडकन खाली येते. जहाजाचा सिग्नल आकाशातून, उंच कोनाने, वेगवेगळ्या वळणांनी येतो. तो इतका सहज बंद होत नाही. घरातल्या लूपची सगळी कमाई या फरकात आहे. (पुष्कळ जण स्टेशनच्या दिशेला लूप रोखत बसतात. शॉर्टवेव्हवर, घरात, त्याने फारसं काही साधत नाही. स्टेशनाकडे बघू नका, खरखरीकडे बघा.)

लूपमध्ये पुन्हा दोन जाती. एक रुंद पट्ट्याचा ॲक्टिव्ह लूप, उदाहरणार्थ सगळीकडे मिळणारा एमएलए-३०. कडं लावा, वीज द्या, सगळी शॉर्टवेव्ह एकदम. दुसरा ट्यून्ड लूप: कड्याला एक बदलता कंडेन्सर, दर वेळी बटण फिरवून हव्या त्या वारंवारितेवर आणायचा. आळशी माणसाने पहिला घ्यावा. चांगला, मजबूत फिल्टर असलेला रिसीव्हर असेल तर मीही पहिलाच सांगेन. पण तुमच्याकडे व्ही-३ आहे, आणि इथे हीच गोष्ट निर्णायक ठरते.

व्ही-३ शॉर्टवेव्ह ऐकतो तो 'डायरेक्ट सॅम्पलिंग'मध्ये, सेटिंगमध्ये क्यू ब्रँच निवडून. त्या वेळी आतला ट्यूनर बाजूला राहतो, गेनचा स्लायडर निरुपयोगी होतो आणि अँटेनावरचं जे काही आहे ते सगळं एकदम आत शिरतं. पुण्यात त्या 'सगळ्या'मध्ये ७९२ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी पुणे आहे, आणि ते दुबळं स्टेशन नव्हे. रुंद लूपचा ॲम्प्लिफायर त्याला आणखी फुगवून डोंगलच्या तोंडावर मारतो, आणि मग ८ मेगाहर्ट्झवर बातम्यांचं भूत दिसायला लागतं. शिवाय १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचे सिग्नल दुमडून खाली दिसतात, ते वेगळंच. ट्यून्ड लूप स्वतःच फिल्टरचं काम करतो: ८.४ वर लावला की ७९२ त्याच्या गावीही नसतं. ॲम्प्लिफायर नाही, म्हणजे वीज नाही आणि जास्तीची खरखरही नाही. व्ही-४ असता तर ही तक्रार बरीच कमी झाली असती. त्यात शॉर्टवेव्ह वर उचलून ट्यूनरमधून जाते. पण आहे त्या डोंगलला ट्यून्ड लूपच जोडीला बरा.

आणि तो विकत घ्यावा लागत नाही. वायरिंगची २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, सव्वातीन मीटर. तिचं एक मीटर व्यासाचं एकच वेढ्याचं कडं करा. गोल जमत नसेल तर पीव्हीसी कंड्युट पाइपची चौकट, बाजू ८० सेंटिमीटर. फरक पडत नाही. या कड्याचं इंडक्टन्स साधारण ४ मायक्रोहेन्री भरतं. त्यावरून कंडेन्सर काढा: ८ मेगाहर्ट्झला सुमारे १०० पिकोफॅरड, ६ ला १८० च्या आसपास, ४ ला ४००, आणि १२ ला फक्त ४०-४५. म्हणजे जुन्या रेडिओतला हवेच्या पट्ट्यांचा गँग कंडेन्सर, ३६५ किंवा ५०० पिकोफॅरडवाला, एकटाच ४ ते १२ मेगाहर्ट्झ काढतो. तो जुन्या बाजारात व्हॉल्व्ह रेडिओच्या सांगाड्यात मिळतो. घेताना पट्ट्या एकमेकींना घासत नाहीत ना ते दांडा सावकाश फिरवून बघा. दांडा सैल हलत असेल तर घेऊ नका. तो मिळालाच नाही तर खिशातल्या ट्रान्झिस्टरमधला चौकोनी प्लॅस्टिकचा गँग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत विचारा. त्याचे भाग एकत्र जोडले की २०० पिकोफॅरडच्या आसपास भरतात. ६ मेगाहर्ट्झच्या वर त्याने भागतं, ४ साठी सोबत २०० चा एक स्थिर कंडेन्सर टाकावा लागतो.

वायरीची दोन टोकं गँगच्या दोन पायांना. बस, मोठं कडं झालं. ते दुसऱ्या कशालाही जोडायचं नाही. डोंगलकडे जाणारा सिग्नल एका छोट्या कड्यातून घ्यायचा: २० सेंटिमीटर व्यासाचं, त्याच वायरीचं, मोठ्या कड्याच्या आत, गँगच्या बरोबर समोरच्या बाजूला, वायरीला चिकटून. त्याची दोन टोकं कोॲक्सच्या (टीव्हीच्या केबलसारख्या, जाळीचं आवरण असलेल्या केबलच्या) मधल्या तारेला आणि जाळीला. कोॲक्स आरजी-५८ किंवा बारीक आरजी-१७४, दोन-तीन मीटर. डोंगलपाशी पोचण्याआधी तिचे आठ-दहा वेढे एका फेराइट रिंगवर (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या कड्यावर) घ्या. हे टाळू नका. लॅपटॉपची घाण यूएसबी जोडणीवरून कोॲक्सच्या जाळीवर चढते आणि जाळीच अँटेना होऊन बसते. मग तुम्ही लूप कितीही फिरवा, काही बदलत नाही. 'लूप फिरवून काहीच होत नाही' असं सांगणाऱ्या माणसाला मी पहिलं रिंगबद्दलच विचारतो.

एक बारीकशी गोष्ट. गँगच्या धातूच्या दांड्याला हात लावला की ट्यूनिंग हलतं, हात काढला की परत हलतं. दांड्यावर प्लॅस्टिकचा लांब दांडा बसवा. संपलेल्या बॉलपेनची नळी गरम करून दाबून बसवली तरी चालतं. लूपचा पट्टा फार अरुंद असतो, म्हणून बटण केसभरच फिरवायचं. वॉटरफॉल (सॉफ्टवेअरमधलं, वारंवारितेनुसार सिग्नल दाखवणारं सरकतं चित्र) समोर ठेवा, रिसीव्हर ८४१४.५ वर लावा आणि दांडा सावकाश फिरवा. पार्श्वभूमीच्या खरखरीचा एक फिकट उंचवटा एका बाजूने सरकत येताना दिसेल. तो तुमच्या वारंवारितेखाली आला की थांबा. सिग्नल नसतानाही ट्यूनिंग असं डोळ्यांनी करता येतं. उंचवटा दिसलाच नाही तर गँगचे पाय किंवा सोल्डर तपासा.

लूप कुठे ठेवायचा हे घरावर अवलंबून आहे, इथे मी नेम सांगू शकत नाही. साधारण असं: उभा ठेवा, खिडकीजवळ, पण लोखंडी ग्रिलपासून निदान अर्धा मीटर आत. ग्रिलला चिकटला की त्याचं ट्यूनिंग बिघडतं आणि सिग्नलही गिळला जातो. बाल्कनी असेल तर तीच उत्तम. टीव्हीपासून, फ्रिजपासून आणि वायरिंग उतरते त्या भिंतीपासून लांब. बैठकीत जिथे शोभून दिसतो ती जागा सहसा सगळ्यात वाईट निघते.

अँटेना बनवायच्याही आधी एका रात्री ही परीक्षा करून बघा. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढलेला. डोंगलला दोन मीटरची कुठलीही वायर लावा आणि ८ मेगाहर्ट्झचा वॉटरफॉल बघत बसा. घरच्यांना सांगून मेन स्विच बंद करा. खरखर एकदम खाली गेली तर चोर तुमच्याच घरात आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा, कुठल्या वेळी ती परत येते ते बघा. माझ्या अनुभवात पहिला मान मोबाइलच्या स्वस्त चार्जरला आणि टीव्हीमागच्या सेट-टॉप बॉक्सच्या ॲडॅप्टरला जातो. हल्लीचे रिमोटचे बीएलडीसी पंखे त्यांच्या खालोखाल. वॉटरफॉलवर हे प्रत्येक वेगळं दिसतं: चार्जरच्या सारख्या अंतरावर जाड, डुलणाऱ्या रेषा, तर एलईडीच्या माळेचा सपाट धूर. मेन बंद करूनही काही फरक नसेल तर खरखर बाहेरून येतेय, आणि मग तुमचं सगळं नशीब लूपच्या त्या बहिऱ्या दिशेवर. कुठल्या वेळी ती वाढते तेही टिपा. शेजारच्या सोसायटीच्या छतावर सोलर असेल तर दिवसाची खरखर सूर्यास्ताला आपोआप जाईल.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी कडकड ऐकू आली तर घरात शोधू नका. ती वळवाच्या ढगांतली वीज असते, लांबून, शेकडो किलोमीटरवरूनही येते. ४ मेगाहर्ट्झवर ती जास्त, १२ वर कमी. त्या दिवसांत वरच्या पट्ट्यांवर राहायचं.

एवढं जमलं की पुढची पायरी नॅव्हटेक्स. ५१८ किलोहर्ट्झवर किनाऱ्यावरची स्टेशनं जहाजांना हवामानाचे इशारे, विझलेले दीपस्तंभ, भरकटलेले बोये असलं सगळं मजकुराच्या रूपात पाठवतात. प्रत्येक स्टेशनाला दर चार तासांनी दहा मिनिटांची पाळी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वेरावळ आणि वेंगुर्ला इथे अशी स्टेशनं आहेत. रात्री पुण्यात ती पकडण्याजोगी असतात. दिवसा घाट आणि जमीन सिग्नल खाऊन टाकतात. फ्लडिजी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नॅव्हटेक्सचा मोड आहे. संदेश झेडसीझेडसी या अक्षरांनी सुरू होतो, मग चार खुणा: पहिली स्टेशनची, दुसरी विषयाची (ए म्हणजे नौकानयनाचा इशारा, बी हवामानाचा इशारा, डी शोध आणि बचाव), पुढचे दोन आकडे क्रमांक. शेवटी एनएनएनएन. पावसाळ्याच्या तोंडाला अरबी समुद्रात काही शिजत असेल तर बी चे संदेश वाचण्यासारखे असतात.

पण वरचं एक वेढ्याचं कडं इतकं खाली जात नाही. त्यासाठी वेगळा लूप, बरेच वेढे घेतलेला, किंवा मीडियम वेव्हच्या जुन्या ट्रान्झिस्टरमधली लांब फेराइटची कांडी तिच्या कॉइलसकट आणि त्याच्याच गँगसकट. मीडियम वेव्ह ५३० च्या आसपास सुरू होतो, तेव्हा गँगला समांतर थोडा जास्तीचा कंडेन्सर टाकला की ती ५१८ वर उतरते. कांडीवर सात-आठ वेढ्यांची वेगळी कॉइल घालून तिथून डोंगलकडे जा. व्ही-३ ची धाव ५०० किलोहर्ट्झच्या जवळपास संपते, त्यामुळे इथे तो काठावर चालतो. जमेल, पण ८ मेगाहर्ट्झवर हात बसल्यावर करा.

कायद्याचं दोन वाक्यांत. बोलता येणारा मरीन वॉकीटॉकी, 'फक्त ऐकायला' म्हणूनही, परवान्याशिवाय घेऊ नका. आणि जहाजांचं खासगी बोलणं कानावर पडलं तर ते रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर फिरवायचं नाही. असं बोलणं गुप्त ठेवावं, असं आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमच सांगतात. त्याला अपवाद संकटाचा. कधी खरंच 'मेडे', म्हणजे संकटाची हाक, ऐकू आलं, तर वेळ, वारंवारिता, जहाजाचं नाव आणि सांगितलेली जागा लिहून घ्या. कुणी उत्तर देतंय का ते मिनिटभर ऐका आणि कुणीच देत नसेल तर कोस्ट गार्डच्या १५५४ वर फोन करा.

लूप तयार झाला की कळवा. सोबत वॉटरफॉलची दोन चित्रं लावा, एक मेन चालू असतानाचं आणि एक बंद असतानाचं, दोन्ही ८४०० ते ८४३० किलोहर्ट्झच्या दरम्यानची. खिडकी कुठल्या दिशेला आणि लिफ्ट कुठल्या भिंतीपलीकडे आहे तेही लिहा, म्हणजे लूपचं तोंड कुठे करायचं ते सांगता येईल.